रेशमी स्टोल अमेरिकेहून परत आले. लेबल आणि कागद नेमके कसे हवेत?

सुईदोरा_चोपडा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अडकले आहे म्हणून सगळं सविस्तर सांगते.

मी चोपड्याची. घराच्या ओसरीवर चार मशिनी आहेत. आम्ही पाच जणी मिळून रेशमाचे स्टोल, ओढण्या आणि बिनबाह्यांची जॅकेटं शिवतो. बंगळूरचा एक व्यापारी साठ ग्रॅमचं क्रेप पाठवतो, टसर नागभीडकडून येतं, आणि थोडं कापड मी स्वतः सुरतेला जाऊन आणते. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथल्या दिवाळी मेळ्यात आमचा माल मांडायचं तिनं ठरवलं, म्हणून सप्टेंबरात खोकं पाठवलं. त्यात २४ स्टोल, ६ जॅकेटं आणि लहान मुलींचे ४ परकर-पोलके होते.

कुरिअरच्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, गिफ्ट लिहा, किंमत वीस डॉलर टाका, लवकर सुटतं." मी तसंच लिहिलं. वर्णनात "लेडीज कपडे" एवढंच.

खोकं तिकडच्या कस्टम्सनं अडवलं. भाचीला पत्र आलं: प्रत्येक नगात कोणता तंतू किती टक्के, कापड विणलेलं की होजिअरीचं, ते कोणत्या देशात तयार झालं, शिवणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि खरी किंमत. आमच्या कपड्यांवर फक्त आमचं भरतकामाचं नाव आणि "प्युअर सिल्क" एवढंच होतं. ती बिचारी आम्हाला फोन करून विचारणार, मी व्यापाऱ्याला विचारणार, तो दोन दिवसांनी सांगणार. यातच दिवाळी गेली. डिसेंबरात खोकं परत आलं. जाण्यायेण्याचे सोळा हजार गेले आणि चौघींची मजुरी मला अजून पुरती देता आलेली नाही.

पुन्हा पाठवायचं आहे, पण या वेळी सरळ मार्गानं. लेबलवर काय हवं? कसली तपासणी लागते का? भाचीला तिकडे परवाना काढावा लागेल का?

धुळ्याचा_दुकानदार

ताई, फिकर नको करू, बठ्ठं व्हई जाई.

मी उलट्या बाजूचा माणूस, म्हणजे माल आणणारा. दोन वर्षांपूर्वी बाहेरून रेशमी स्टोल मागवले तेव्हा मलाही वाटलं होतं की पैसे भरले की माल दारात. आपल्याकडे बाहेरचं कापड आणायचं तर त्यात बंदी असलेले अझो रंग (एक प्रकारचे कृत्रिम रंग) नाहीत असा दाखला मालाबरोबर लागतो, तोही मूळ देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा. दाखला नसेल तर बंदरावर नमुना काढून तपासणीला पाठवतात आणि माल तोवर गोदामात पडून राहतो. माझं तेच झालं, गोदामाचं भाडं भरून भरून नफा आटला. मग पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी. तेव्हा हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही. तिकडच्या नियमांबद्दल मात्र जाणकारांनी सांगावं.

बोरीकाठची

ताई, मी अमळनेरची. मुंबईत एका गारमेंट एक्स्पोर्ट कंपनीत एकोणीस वर्षं शिपिंगचे कागद केले, आता घरी परत आले आहे. वडील प्रताप मिलमध्ये विणाई खात्यात होते, त्यामुळे कापड बोटांनी ओळखायची सवय लहानपणापासूनची. तुमचं खोकं परत आलं हे वाचून फार वाईट वाटलं, कारण यातली एकही चूक मालाची नाही. माल चांगला असणार. चुका सगळ्या लिहिण्यातल्या आहेत, आणि त्या सुधारता येतात.

आधी "गिफ्ट" हा शब्द सोडा. पूर्वी अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल बिनकराचं जायचं, म्हणून असले सल्ले खपून जात. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांच्या मालासाठी बंद झाली. १०० डॉलरपर्यंतची खरीखुरी भेट तेवढी सुटते. मेळ्यात विकायचा माल भेट नव्हे. आणि खोटी किंमत तुम्ही लिहिली तरी जाब तिकडे आयात करणाऱ्याला, म्हणजे तुमच्या भाचीला द्यावा लागतो. पोरीच्या नावावर असला डाग लागू देऊ नका.

आता लेबल. अमेरिकेत कपड्यावर तीन गोष्टी कायद्यानं हव्यात, आणि हा कायदा १९६० पासून लागू आहे: कोणता तंतू वजनाच्या किती टक्के, कोणत्या देशात तयार, आणि जबाबदार कोण. "प्युअर सिल्क" यानं पहिलं कलम भागत नाही, "१०० टक्के सिल्क" असं आकड्यानं लिहावं लागतं, आणि अर्थातच इंग्रजीत. मिश्र कापड असेल तर जास्त वजनाचा तंतू आधी. तिसऱ्या कलमासाठी तुमच्या व्यवसायाचं पूर्ण नाव चालतं, नाहीतर भाचीनं तिकडच्या फेडरल ट्रेड कमिशनकडून आरएन नंबर, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी क्रमांक, घ्यावा. तो फुकट मिळतो, पण फक्त अमेरिकेतल्या व्यवसायाला. जॅकेटला देशाचं नाव गळ्याच्या आत, दोन खांद्यांच्या शिवणींच्या बरोबर मधे हवं. जॅकेटला धुण्याच्या सूचनांचं लेबलही लागतं. स्टोलला कोपऱ्यातल्या दुमडीत, सहज दिसेल असं लावा.

जरीचं काठ असेल तर जर हाही तंतूच धरतात, त्याचं तिकडचं नाव "मेटॅलिक". नक्षी म्हणून घातलेला धागा एकूण वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर तो मोजला नाही तरी चालतो, मात्र टक्केवारीपुढे "नक्षी वगळून" या अर्थाचे इंग्रजी शब्द छापावे लागतात.

आता मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तुमच्या सुरतेच्या कापडाची. अमळनेर-सुरत गाडीत मी आयुष्यभर बायकांच्या पिशव्यांमधून "सेमी सिल्क", "आर्ट सिल्क", "सेमी टसर" येताना पाहिलं आहे. कापड वाईट नसतं, पण ते रेशीम नसतं. आर्ट म्हणजे आर्टिफिशियल. त्यावर "सिल्क" शब्द छापून अमेरिकेत पाठवणं म्हणजे सरळ खोटं लेबल. प्रत्येक थानातून एक उभा आणि एक आडवा धागा काढा, दोन्ही वेगवेगळे जाळा. रेशीम केस जळाल्यासारखं वास मारतं, ज्योत काढली की मंदावतं, आणि राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दोन्ही धागे म्हणायचं कारण असं की पुष्कळदा ताणा रेशमाचा असतो आणि बाणा दुसऱ्या कशाचा. व्यापाऱ्याकडे सिल्क मार्कचा, म्हणजे अस्सल रेशमाच्या खुणेचा, टॅग मागा. तो केंद्रीय रेशीम मंडळाच्या व्यवस्थेतला आहे आणि विश्वासाचा आहे, पण तो असला तरी वरचं लेबल लागतंच.

दुसरी अडचण फार कमी लोकांना ठाऊक असते. जॅकेटचा देश शिवणीवरून ठरतो. चोपड्यात शिवलं, मेड इन इंडिया. पण स्टोल, ओढणी, शाल यांचं तसं नाही. यांचा देश अमेरिका कापड कुठे विणलं यावरून धरते, चार कडा दुमडल्यानं तो बदलत नाही. (कापडावर रंगाई आणि छपाई दोन्ही करून वर आणखी प्रक्रिया केल्या तर गोष्ट वेगळी, पण ते तुमचं काम नाही.) बंगळूरच्या बाजारात चिनी क्रेप आणि जॉर्जेट भरपूर येतं. तुमच्या व्यापाऱ्याचं क्रेप चीनमध्ये विणलेलं असेल तर तुमच्या हातचा स्टोल कागदावर मेड इन चायना होतो, आणि त्यावरचा करही चीनचा. म्हणून त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या: कापड कुठे विणलं. तोंडी नको.

आणि तपासणी. लागते, आगीची. १०० टक्के रेशमाचं साधं, म्हणजे लव नसलेलं, कापड चौरस मीटरला ८८ ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर तपासणीतून सुटतं. हलकं असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल हवा. पट्टी ४५ अंशांवर तिरपी लावतात, एक सेकंद ज्योत टेकवतात आणि ठरावीक अंतर जळायला किती वेळ लागतो ते मोजतात. साध्या पोताच्या कापडाला साडेतीन सेकंदांहून कमी वेळ लागला तर ते विकायला बंदी.

मी हे एकदा समोर उभं राहून पाहिलं आहे. आमच्या कंपनीचं शिफॉन होतं, रेयॉनचं, फिक्या अबोली रंगाचं, हातात घेतलं तर वाऱ्यासारखं. ज्योत लागली आणि मी "लागली" म्हणेपर्यंत पट्टी संपली होती. खाली काळी किनार तेवढी क्लिपमध्ये राहिली. असल्या कापडाचा झगा कुणीतरी अंगात घालून गॅसपाशी उभी राहणार, हे तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांसमोर आलं. १९९४ साली भारतातून गेलेले रेयॉन शिफॉनचे घागरे अमेरिकेत बाजारातून परत घ्यावे लागले होते, याच कारणानं. रेशीम रेयॉनपेक्षा हळू जळतं, बहुतेक वेळा पास होतं, पण फार विरळ विणीचं असेल तर नेम नाही. म्हणून अहवाल हवाच. प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे, तिथे विचारा, आणि खाजगी प्रयोगशाळाही आहेत. अहवालाच्या आधारे भाचीला "आमचा माल नियमात बसतो" असा दाखला करावा लागतो. ८ जुलै २०२६ पासून त्याची माहिती माल येतानाच ऑनलाइन भरायची आहे.

तुमच्या व्यापाऱ्याच्या "साठ ग्रॅम"वर जाऊ नका. रेशमाच्या बाजारात ग्रॅम पुष्कळदा धावत्या मीटरचे सांगतात. ४४ इंच पन्ह्याचं कापड मीटरला ६० ग्रॅम भरलं तर चौरस मीटरला ५४ च्या आसपास येतं. स्वतः मोजा. दहा सेंटिमीटर लांब, दहा रुंद असा चौकोन नीट कापा आणि सराफाकडे घेऊन जा. मिलिग्रॅमचा काटा त्याच्याकडे असतोच. चौकोन ८८० मिलिग्रॅम किंवा वर भरला तर सुटलात.

लहान मुलींचे कपडे सध्या पाठवू नका. १२ वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या वस्तूंना तिकडच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं मान्य केलेल्याच प्रयोगशाळेची तपासणी, वेगळा दाखला आणि माग काढता येईल असं कायमचं लेबल लागतं. नुसत्या कापडाला शिशाच्या तपासणीची सूट आहे, पण हूक, टिकल्या, जर यांना नाही. शिशाची मर्यादा दहा लाखांत १०० भाग. चार परकर-पोलक्यांसाठी हा खर्च परवडणार नाही, आणि लेकरांच्या बाबतीत अंदाजानं चालवू नये.

परवाना असा भाचीला लागत नाही, आयातदार म्हणून नंबर लागतो. माल २,५०० डॉलरच्या वर गेला तर बाँड (कस्टम्सला द्यायची हमी) आणि औपचारिक एन्ट्री, त्याच्या आत सोपं. तुम्हाला इकडे आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड हवा, तो डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर ५०० रुपयांत निघतो, आणि बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँक शाखेचा कोड. जीएसटी नंबर असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरा. डाकघर निर्यात केंद्रातूनही पाठवता येतं, जळगावच्या मोठ्या पोस्टात चौकशी करा.

इन्व्हॉइसमध्ये "लेडीज कपडे" नको. असं लिहा: स्त्रियांचे विणलेल्या कापडाचे स्टोल, १०० टक्के रेशीम, एचएस (मालाच्या वर्गीकरणाचा कस्टम्सचा क्रमांक) ६२१४.१०, कापड भारतात विणलेलं, नग २४, दर अमुक. शिवणाऱ्याचं खरं नाव आणि पत्ता, मधल्या व्यापाऱ्याचा नव्हे. स्टोलमध्ये रेशीम ७० टक्के आहे की कमी यावरून अमेरिकेतलं पोटशीर्षक बदलतं, म्हणून टक्केवारी अचूक हवी. कराचा दर मात्र ज्या आठवड्यात पाठवाल त्याच आठवड्यात भाचीला बघायला सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये ७ तारखेला भारतीय मालावर २५ टक्के जादा कर लागला आणि २७ ला आणखी २५. त्यानंतरही हे आकडे हलले आहेत.

भुसावळ_ते_श्टुटगार्ट

बोरीकाठची ताईंनी सगळं नीट सांगितलं आहे. युरोपात कधी पाठवलंत तर एवढंच लक्षात ठेवा: इथेही तंतूची टक्केवारी लागते आणि ती ज्या देशात विकायचं त्या देशाच्या भाषेत, म्हणजे जर्मनीत "सिल्क" नव्हे, "झायडे". अझो रंगांतून सुटणाऱ्या २२ ठरावीक अमाइनांची (घातक रसायनांची) मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात पत्ता असलेली एक जबाबदार व्यक्ती वस्तूवर दाखवावी लागते. मागच्या वर्षी आईनं पाठवलेल्या सहा ओढण्या एका प्रदर्शनात मांडायच्या होत्या, तेव्हा हे सगळं मी शिकलो.

सुईदोरा_चोपडा

बोरीकाठची ताई, तुमचं उत्तर मी आमच्या पाचही जणींना मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी शिवण थांबवली नाही, पण मशिनींचा आवाज हळू झाला होता.

काल दुपारी चौकोन कापले, पट्टी ठेवून, नवीन ब्लेडनं. सराफाकडे घेऊन गेले. तो म्हणाला, "वहिनी, आज सोनं नाही का?" मग त्यानंही कुतूहलानं एकेक चौकोन चिमट्यानं काट्यावर ठेवला, काचेचं झाकण लावलं. बंगळूरचं क्रेप ५४० मिलिग्रॅम. तुम्ही म्हणालात तेच निघालं. स्टोलचं टसर ७१०. जॅकेटचं जाड टसर १,१२०. म्हणजे जॅकेटं सुटली, स्टोल नाही.

मग धागे जाळले. नागभीडच्या टसरचे दोन्ही धागे केसाच्या वासाचे, राख भुगा. क्रेपचेही. सुरतेच्या दोन थानांपैकी एकाचा मणी झाला, अगदी मोहरीएवढा. दुसऱ्याचा उभा धागा रेशमाचा आणि आडवा मण्याचा. परत आलेल्या चोवीस स्टोलांपैकी सात त्या दोन थानांतले आहेत, आणि त्या सातांवर मी माझ्या हातानं "प्युअर सिल्क" भरलं होतं. रात्री बसून ते सगळे टाके उसवले. ते सात मी इथेच आठवडी बाजारात मिक्स कापड म्हणून, तसं सांगून विकेन.

बंगळूरच्या व्यापाऱ्याला विचारलं, कापड कुठे विणलं. आधी म्हणाला, "बंगळूरचंच समजा." मी म्हटलं, समजा नको, बिलावर लिहा. दोन तास काही उत्तर नाही. मग फोन आला, हे थान बाहेरचं आहे, पुढचं देशी देतो, मीटरला ४० रुपये जास्त.

आता दोन प्रश्न. बाहेरचं क्रेप माझ्याकडे अजून तीस मीटर आहे, त्याची जॅकेटं शिवली तर मेड इन इंडिया लिहिता येईल ना? आणि आगीच्या तपासणीला पाठवायचं कापड शिवलेलं हवं की नुसतं?

बोरीकाठची

ताई, ते सात स्टोल बाजूला काढलेत, हे तुम्ही केलेलं सर्वांत मोठं काम.

हो, त्या क्रेपची जॅकेटं पूर्ण चोपड्यात कापून शिवलीत तर देश भारत. पण ५४० मिलिग्रॅमचं कापड जॅकेट झालं तरी हलकंच, त्यामुळे आगीची तपासणी त्याला लागेलच. अस्तर लावून वजन वाढवलं तरी उपयोग नाही, तपासणी कापडाची होते. माझा सल्ला, ते क्रेप इथल्याच गिऱ्हाइकांच्या ब्लाउजांना वापरा आणि तपासणीचा खर्च एका स्टोलच्या टसरवरच करा.

तपासणीला न शिवलेलं कापड चालतं, पण ज्या थानातून माल शिवणार त्याच थानाचं हवं, रंगवलेलं असेल तर रंगवल्यानंतरचं. प्रयोगशाळा धुण्याआधी आणि ड्राय क्लीन-धुलाईनंतर असं दोनदा बघते, म्हणून तुकडा मोठा द्या. पाठवण्याआधी त्यांना मीटर विचारा. थानाचा नंबर, रंगाई कुठे केली आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि त्या पानाला त्याच कापडाचा तुकडा टाचा. उद्या भाचीला कुणी विचारलं, तर तुम्ही ते पान उघडून फोटो पाठवायचा.

देशी क्रेपचे ते ४० रुपये द्या.

सुईदोरा_चोपडा

वही आणली. पहिल्या पानावर टसरचा चौकोन टाचला आहे, सराफाकडचाच, खाली ७१० लिहिलं आहे. आयईसीचा अर्ज काल रात्री भरला. भाचीनं आरएनसाठी नाव टाकलं आहे. टसरचं दीड मीटर कापड उद्या सकाळच्या गाडीनं माझा दीर मुंबईला घेऊन जातोय. अहवाल आला की इथेच कळवते.